मुक्या आळीतले ठोके

सरवडी नदीच्या काठी वेळुंबी नावाचे गाव आहे. श्री चिमणनाथ महाराज वर्षातून एकदा, नवरात्राच्या आधी दोन-तीन दिवस, या गावी येत आणि घट उठेपर्यंत राहत. मुक्काम ग्रामदेवी जोगळाईच्या देवळाच्या पडवीत. सामान म्हणाल तर एक कांबळे, एक कटोरा आणि आवाज. हो, आवाजच! महाराजांना मुळी हळू बोलताच येत नसे. वेशीवर कुणाची खुशाली विचारू लागले की ते थेट देवळात ऐकू येई आणि घरोघरच्या बाया एक भाकरी जास्तीची थापायला घेत.

वेशीतून आत शिरले की पहिली लागे ती तांबट आळी. उजाडल्यापासून मावळेपर्यंत तिथे ऐरणीवर हातोडे चालत. तांब्याची घागर, तपेले, परात, जे काही असेल ते गोल घडवून झाले की वरून बारीक बारीक ठोके देत मठारायचे, म्हणजे भांडे बळकट होते आणि अंगावर चांदण्यासारखी चकाकी येते. परगावचा पाहुणा या आळीत दोन दिवस राहिला तर तिसऱ्या दिवशी कानात बोटे घालून पळे. आळीतली तान्ही बाळे मात्र त्याच गजरात गाढ झोपत. महाराजांना हा गजर फार प्रिय. ते आळीतून मुद्दाम रेंगाळत चालत.

तर त्या वर्षी महाराज वेशीतून आत आले आणि चार पावलांवर थबकले. आळी मुकी होती. भट्ट्या थंड, भाते लोळत पडलेले, हातोड्यांना गोणपाट गुंडाळलेले. बाया पाण्याच्या घागरीसुद्धा दबकत खाली ठेवत होत्या. महाराजांनी आपल्या नेहमीच्या आवाजात विचारले, "काय रे, आळी कुणी विकत घेतली?" तशी चार दारांतून चार जण ओठांवर बोट ठेवून धावत आले. महाराज, हळू बोला, हरबादादा आजारी आहेत.

आता हा हरबा कोण, ते सांगायला हवे. हरबा तांबट म्हणजे वेळुंबीचा कवी. शाळा-पाठशाळा काही नाही, अक्षरओळख तेवढी देवळातल्या गुरवाकडून झालेली. पण ऐरणीपुढे बसून मठारायला लागला की ठोक्याबरोबर त्याच्या तोंडून ओवी येई. दिवसभर ओव्या जुळवायच्या, आणि सांजवात लागली की त्या बोरूने पानावर उतरवून काढायच्या, असा त्याचा शिरस्ता. बायको राहीबाई भात्यावर बसे. तिला लिहिता येत नव्हते, पण एकदा ऐकलेली ओवी ती जन्मात विसरत नसे. नवऱ्याचे एखादे पद निसटले तर ती भाता न थांबवता ते पुरे करून देई.

वेळुंबीत एक जुनी रीत होती. गावात कुणाला देवीची पोथी रचायची असेल तर त्याने नवमीला देवीसमोरचा विडा उचलायचा. विडा उचलला की तीन वर्षांची मुदत. तिसऱ्या नवरात्रात ती पोथी घटापुढे ठेवायची आणि रोज सकाळी एक असे नऊ अध्याय वाचायचे. नऊ पुरे झाले तर पोथी कायमची देवळात राहणार. अपुरी निघाली तर घट उठताना धान्याबरोबर तिलाही नदीत सोडायचे, कारण देवीपुढे अर्धे राहिलेले काम ठेवायचे नाही. हरबाने विडा उचलला होता. मुदतीचे नवरात्र हेच होते. आणि पोथीचे अध्याय झाले होते सहा.

सहाच का, तर माघ महिन्यात एका सकाळी घागर मठारता मठारता हरबाच्या हातातून हातोडा गळाला. वाकून उचलायला गेला तो तसाच कलंडला. अर्धांगवायूचा झटका होता. बापू वैद्यांनी शर्थ केली आणि जीव वाचला, पण उजवा हात लोंबत राहिला आणि वाचा गेली. गेली म्हणजे आवाज होता, शब्द होते, पण भलतेच. पाणी मागायचे असले की तोंडातून "पत्रा" बाहेर पडे. राहीला हाक मारायला जावे तर "हातोडा" येई. हरबाला आतून सगळे कळत होते हो! कोणता शब्द हवा तेही माहीत असायचे. तो शब्द घशापर्यंत यायचा आणि ओठाशी भलताच कुणी पुढे सरकायचा. लोक कौतुकाने मान डोलवीत, "हो हो दादा" म्हणत, आणि ते कौतुक त्याला चाबकासारखे लागे.

बापू वैद्यांनी सांगितले होते की डोक्याला त्रास नको, शांतता हवी. झाले! तांबटांची जात मायेची. हरबाचा धाकटा भाऊ येसबा याने आळीला हात जोडले आणि सगळ्या आळीने एका दिवसात आपले बिऱ्हाड, म्हणजे ऐरणी नव्हेत, काम तेवढे, अर्ध्या कोसावरच्या नदीघाटावर नेले. ऊन म्हटले नाही, वारा म्हटला नाही, चांगले आठ महिने माणसे रोज पत्रे डोक्यावर घेऊन घाटावर जात आणि कामचलाऊ दगडांवर भांडी ठोकीत. आळीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. हरबा त्या शांततेत खाटेवर पडून राही. हळूहळू काठी धरून चालू लागला, पण ओवी म्हणून एक आली नाही. डाव्या हाताने बोरू धरून पाहिला तर पानावर कावळ्याचे पाय उमटले. त्याने ते पान फाडून भट्टीत टाकले आणि मनाशी धरले की देवीने दिलेले देवीने परत नेले.

यात भर टाकली ती श्रीपतशास्त्र्यांनी. शास्त्री देवळाचे पुराणिक. विद्वान खरे, पाठांतर असे की ऐकत राहावे. पण गावातली माणसे आपले पुराण सोडून भांडी ठोकणाऱ्याच्या ओव्या गुणगुणतात, हे त्यांच्या पोटात सलत होते. ते एकदा समाचाराला म्हणून आले, खाटेच्या कडेला बसले आणि राहीबाईने दिलेले दूध पिता पिता म्हणाले, "हरबा, वाईट वाटून घेऊ नकोस. ती कविता नव्हतीच मुळी. तो हातोड्याचा नाद होता. हातोडा थांबला, नाद थांबला. मी माझी पोथी तयार ठेवली आहे, देवीची सेवा काही अडणार नाही." दूध संपवून ते गेले. हरबाला उत्तर देता आले असते तरी त्याने दिले नसते, कारण त्याला ते खरेच वाटले होते.

हे सगळे येसबाने महाराजांना ओसरीवर बसून सांगितले. आत हरबा खाटेवर बसून ऐकत होता. महाराजांनी शेवटपर्यंत मध्ये तोंड घातले नाही, आणि हे त्यांच्या बाबतीत नवलच म्हणायचे. मग ते उठून आत आले, हरबाच्या शेजारी खाटेवर बसले आणि त्याचा मेलेला उजवा हात आपल्या मांडीवर घेतला.

"काय रे हरबा, शास्त्री काय म्हणाले? हातोडा थांबला म्हणून नाद थांबला?"

हरबाने मान हलवली.

"अगदी खरं बोलले," महाराज म्हणाले. "एवढं शहाणपणाचं या आठ महिन्यांत तुझ्या उशाशी कुणी बोललं नाही. फक्त त्यांना वाटलं हा निकाल आहे. अरे, ते औषध आहे!"

आणि महाराज तडक अंगणात गेले. हरबाच्या ऐरणीवर माघापासून अर्धी मठारलेली घागर तशीच पालथी होती, वर हिरवट कळकटा चढलेला. राहीबाईने ती उचलू दिली नव्हती. महाराजांनी शेजारच्याच एका ऐरणीवर पडलेले रिकामे तपेले ओढले, हातोड्याचे गोणपाट सोडले आणि बसले ठोकायला. आता संत झाले म्हणून मठारणे थोडेच येते? पहिल्याच ठोक्याला तपेल्याला पोचा पडला. दुसऱ्याला दुसरा. येसबा बापडा कळवळला, तांब्याची दुर्दशा त्याला बघवेना आणि महाराजांच्या हातातून हातोडा काढून घेण्याची हिंमत होईना. शेवटी महाराजच ओरडले, "अरे बघत काय बसलात? वैद्याला मी सांगतो काय सांगायचं ते. आणा ती घाटावरची माणसं माघारी!"

दुपारपर्यंत आळीतल्या निम्म्या भट्ट्या पेटल्या. लोक भीतभीतच बसले होते, डोळा हरबाच्या दाराकडे. आधी एक हातोडा पडला, मग तीन, मग सगळी आळी. बापू वैद्य तावातावाने आले, पण दारात येऊन त्यांनी रोग्याकडे पाहिले आणि हातातला बटवा खाली ठेवला.

हरबा खाटेवर ताठ बसला होता. आठ महिने त्याला कोरड पडली होती ती कशाची, हे त्याला त्या क्षणी कळले. कोणता ठोका येसबाचा, कोणता पलीकडच्या म्हातारबाचा, कोण नवशिके चुकते आहे, सगळे त्याला ऐकू येत होते. डावा हात आपोआप गुडघ्यावर पडू लागला. ओठ हलले. आणि मग राहीबाईच्या कानांवर, तिने कुठेही ऐकलेली नव्हती अशी, कोरी करकरीत ओवी आली. पदर तोंडात धरून ती उंबऱ्यातच खाली बसली.

फुटकी घागर कडेवरी । माय उभी राहिली दारीं ।
म्हणे सांध रे लवकरी । लेकरें घरीं तान्हेलीं ॥

जोगळाई या गावी आली ती तांबटाकडे फुटकी घागर सांधायला आली, अशी गावाची जुनी कथा आहे. पोथी तीच होती आणि सातवा अध्याय इथूनच सुरू व्हायचा होता. हरबा ओवी म्हणून थांबला आणि आनंदाने राहीला म्हणायला गेला की पाहिलेस का, तर तोंडातून निघाले, "पत्रा, पत्रा!" बोलणे तसेच अडखळलेले होते. पण ठोक्यावर गाताना एक शब्द इकडचा तिकडे होत नव्हता. हरबा इतका हसला, इतका हसला, की त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसले होते.

महाराजांनी घट बसायच्या दिवशी सहा अध्यायांची पोथी खुशाल देवीपुढे ठेवायला लावली. शास्त्र्यांनी हरकत घेतली नाही. सातव्या दिवशी काय होते ते बघू, एवढेच ते म्हणाले आणि पुराणिक या नात्याने रोज एक अध्याय वाचू लागले. इकडे आळीत काम जोरात. सकाळपासून ठोके चालत, हरबा गाई, राहीबाई भाता ओढता ओढता साठवी, आणि तिन्हीसांजेला गुरव येऊन तिच्या तोंडून उतरवून घेई. गुरवाचे अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग पाऊस आल्यावर फुटावी तसे. पण सातव्या सकाळी सातवा अध्याय घटापुढे हजर होता, आणि आठव्या सकाळी आठवा.

आठवा वाचून झाला तसे शास्त्री थांबले. ओव्या चांगल्या होत्या. आधीच्या सहांपेक्षाही खोल होत्या, आणि हे त्या सभेत सर्वांत आधी कुणाला कळले असेल तर ते शास्त्र्यांनाच. तेच तर दुखणे! त्यांनी पोथी मिटली आणि पाटलांकडे वळले. ज्या माणसाला धड पाणी मागता येत नाही तो असे रचील, यावर गावाचा विश्वास बसतो का, असे त्यांनी विचारले. विडा ज्याने उचलला त्यानेच पोथी रचायची असते. आळीची साक्ष घरची, ती धरायची नाही. ही रचना दुसऱ्याची आहे, आणि कुणाची ते पडवीत मुक्कामाला असलेल्यांना विचारा. सगळ्यांच्या माना महाराजांकडे वळल्या. महाराज शेंगा सोलत बसले होते. ते म्हणाले की आम्हाला ओवी रचता आली असती तर आम्ही एवढे बडबडलो नसतो. लोक हसले, पण पाटलांच्या मनात किल्मिष शिरले ते शिरलेच.

शास्त्र्यांनी उपाय सुचवला. नववा अध्याय हरबाने उद्या सकाळी इथे, देवीसमोर, सगळ्यांच्या देखत रचावा. गुरवाने तिथेच लिहावा. ठोके मात्र नाहीत, कारण घट बसलेला असताना देवळात लोखंड वाजवायचे नाही ही गावची रीत आहे. आणि आळीतला एकही माणूस देवळाच्या मांडवाबाहेर राहायचा नाही, म्हणजे मागून कुणी सूचना दिली असे व्हायला नको. पाटलांनी ते मान्य केले. ठोक्याशिवाय काय होते ते राहीबाईला माहीत होते.

हरबाने त्या दिवशी जेवण घेतले नाही. महाराज त्याच्याजवळ येऊन बसले तेव्हा त्याने डाव्या हाताने त्यांचे पाय धरले आणि काहीतरी सांगू लागला. शब्द सगळे भलतेच होते, घागर, कोळसा, पत्रा. पण महाराजांना अर्थ लागला. तो म्हणत होता की पोथी गेली तर गेली, पण आठ महिन्यांनी जे परत आले आहे ते लोकांच्या हशात पुन्हा गेले तर मी आता उठायचा नाही.

"येशील ना उद्या देवळात?" महाराजांनी एवढेच विचारले. हरबाने मान डोलवली. "मग झालं तर. तू जाऊन बसायचंस. बाकीचं जिचं आहे ती बघेल."

नवमीची सकाळ उजाडली. झाडून सगळे गाव मांडवात लोटले. येसबाने आळीतली घरे एकेक करून मोजली. म्हातारेकोतारे, बाळंतिणी, सगळे आले होते. भट्ट्या विझवलेल्या. हरबा देवीसमोर पाटावर बसला, शेजारी गुरव बोरू आणि कोरी पाने घेऊन. समोर आठ अध्यायांची पोथी. शास्त्री खांबाजवळ उभे, अंगावर ठेवणीतली शाल.

पाटील म्हणाले, कर सुरुवात.

हरबाने डोळे मिटले. आत सगळे होते. नववा अध्याय कसा उघडायचा, माय घागर घेऊन निघते तेव्हा वळून कशी बघते, सगळे त्याला दिसत होते. पण भोवती ती शांतता होती, खाटेवरची, आठ महिन्यांची. त्याने डावा हात मांडीवर आपटून पाहिला. मऊ आवाज आला, त्यात काही जीव नव्हता. त्याने तोंड उघडले.

"पत्रा," तो म्हणाला.

मागे कुणीतरी फिसकन हसले. हरबाने पुन्हा जोर केला. "पत्रा. कोळसा." आता बरेच जण हसले, आणि जे हसले नाहीत त्यांनी खाली पाहिले, ते हसण्याहून वाईट होते. हरबाच्या कपाळावर घाम फुटला. येसबाला राहवेना, तो आळीकडे धावायला उठला, तसे पाटलांनी त्याला अडवले. शास्त्री शांतपणे म्हणाले की गावाने पुरेशी वाट पाहिली आहे, गुरवांनी पोथी उचलावी, घटाबरोबर ती नदीवर जाईल. गुरवाचा हात पुढे झाला. हरबाने आपला चांगला हात पोथीवर ठेवला आणि मुलासारखा रडू लागला.

एवढा वेळ खांबाला टेकून बसलेले महाराज आता बोलले. आणि काय सांगावे, चिमणनाथ महाराज त्या दिवशी हळू बोलले.

"येसबा, खाली बैस. आज तुमची पाळी नाही."

मांडव चिडीचूप झाला. आणि त्या शांततेत, वेशीकडून, जिथे चिटपाखरू नव्हते त्या तांबट आळीतून आवाज आला. ठण्. मग थोडे थांबून, ठण्. ठण्. मग एका लयीत, न चुकता, मठारायचे ठोके.

आळीतली माणसे एकमेकांची तोंडे बघू लागली. येसबाने भोवतालची डोकी मोजली, पुन्हा मोजली. सगळे इथेच होते. हरबाने रडे आवरून कान दिला. आळीतला प्रत्येक हात तो ठोक्यावरून ओळखत असे. हा हात त्याच्या ओळखीचा नव्हता. हलका होता, पण असा नेमका की तांब्याला कुठे दुखू नये. आणि दोन ठोक्यांच्या मध्ये बारीक किणकिण येत होती. राहीबाईने त्याच्याकडे पाहिले. बाईमाणसाला ती किणकिण लगेच कळली. बांगड्या होत्या त्या.

हरबाच्या अंगावर सरसरून काटा आला. पाठ ताठ झाली. आणि त्याच्या तोंडून नववा अध्याय सुरू झाला.

हा बनाव आहे, कुणीतरी आळीत दडवून ठेवले आहे, असे म्हणत शास्त्री शाल सावरत तरातरा बाहेर पडले. त्यांना कुणी अडवले नाही. अडवायला कुणाला भान होते? हरबा गात होता आणि गुरवाचा बोरू मागे पडत होता. गुरव घामाघूम झाला, ओव्या पाण्यासारख्या येत होत्या आणि त्याची मुंग्यांची रांग काही केल्या पुढे सरकेना. दोन ओव्या सुटल्या, तिसरी अर्धी राहिली. राहीबाई मागून सांगत होती, पण पुढचे ऐकू की मागचे लिहू असे गुरवाचे झाले.

इतक्यात शास्त्री परत आले. शाल कुठे गळून पडली होती कोण जाणे, पाय धुळीने माखलेले. ते कुणाशी बोलले नाहीत. सरळ गुरवापाशी आले, त्याच्या हातातला बोरू काढून घेतला, मांडी घालून जमिनीवर बसले आणि म्हणाले,

"हरबाबुवा, सुटलेल्या ओव्या राहीबाईंकडून नंतर घेतो. तुम्ही थांबू नका. सांगा."

आजवर अरे-तुरे करणारे शास्त्री! पण हरबाचे तिकडे लक्षही नव्हते. तो गात राहिला आणि शास्त्री लिहीत राहिले, मोत्यासारख्या अक्षरात, मान वर न करता. शेवटी ही ओवी आली:

ठोका ऐकतां पाऊल अडे । माय म्हणे न जायें पुढें ।
जेथें फुटलें तेथेंचि जोडे । तें घर आवडे मजलागीं ॥

ओवी संपली आणि आळीतला आवाज थांबला. सगळ्यांनीच एकदम श्वास सोडला. राहीबाई भिंतीला टेकून बसली. येसबा लहान पोरासारखा हमसून हमसून रडत होता आणि मध्येच हसत होता. हरबाला मात्र एकच वाटत होते, की आता सुटलो. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. आता कितीही वेळ शांतता असली तरी भीती नाही, हे त्याला आतून कळले होते.

शास्त्र्यांनी बोरू खाली ठेवला आणि काय पाहिले ते सांगितले. आळीत कुणी नव्हते. घरोघरी जाऊन पाहिले, भट्ट्यांत हात घालून पाहिले, सगळे थंड. आवाज हरबाच्या अंगणातून येत होता. तिथे गेलो तर ऐरणीवरची घागर, जिच्यावर हिरवा कळकटा होता ती, गळ्यापर्यंत मठारलेली, लखलखीत. डोळ्यांदेखत तिच्यावर एकेक ठोका उमटत होता आणि मारणारे कुणी दिसत नव्हते. हात लावला तर घागर उन्हातल्यासारखी ऊन. बाजूला टेकवलेल्या हरबाच्या हातोड्याच्या दांड्याला ओले कुंकू. एवढे सांगून ते देवीकडे वळले. म्हणाले, "मी जन्मभर देवीचं वर्णन वाचून दाखवलं. मला कधी वाटलं नव्हतं की ती खरोखर कुठं असते."

ते उठून महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी पाय पोटाशी घेतले आणि डोळ्यांनी हरबाकडे खूण केली. शास्त्री क्षणभर घुटमळले. घुटमळणारच, माणूसच ना तेही. मग ते हरबासमोर आले आणि त्यांनी सगळ्या गावादेखत त्या तांबटाच्या पायांवर डोके ठेवले. "हातोड्याचा नाद म्हणालो होतो मी. तुमचा, आणि देवीचाही, अपराध केला," ते म्हणाले.

हरबाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. एवढा विद्वान ब्राह्मण पायाशी! त्याने गडबडीने एका चांगल्या हाताने त्यांना उठवायला पाहिले आणि उठा, उठा म्हणायला गेला. तोंडातून निघाले, "बसा! बसा!"

मांडवभर खसखस पिकली. या खेपेचे हसणे निराळे होते, हरबाही त्यात होता. शास्त्र्यांनी डोळे पुसले, आणि सांगितल्यासारखे खरोखरच तिथे हरबाच्या शेजारी, पाटाखाली, जमिनीवर बसले.

मग पाटलांनी नववा अध्याय वाचून दाखवायला सांगितले, कारण रीतीप्रमाणे पुराणिकाने वाचल्याशिवाय पोथी पुरी होत नाही. शास्त्र्यांनी आधी राहीबाईकडून सुटलेल्या दोन ओव्या आणि तिसरीचा अर्धा भाग विचारून जागच्या जागी भरला. शेवटी रचणाऱ्याचे नाव लिहिले आणि खणखणीत आवाजात वाचायला घेतले. वाचत वाचत ते अखेरच्या ओळीशी आले, "जोगळाईचा दास हरबा तांबट" या शब्दांपाशी थांबले, पान दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावले, आणि मग ते नाव वाचले.